एकाच झऱ्यातले दोन सॅलमँडर

टेक्सासमधील ऑस्टिन शहरातल्या झिल्कर पार्कात, बार्टन स्प्रिंग्जच्या झऱ्यांमध्ये सॅलमँडरच्या दोन प्रजाती राहतात आणि दोघींचीही अमेरिकी कायद्याने संकटग्रस्त म्हणून नोंद केलेली आहे. सॅलमँडर हा दिसायला पालीसारखा असला तरी उभयचर प्राणी आहे. महाराष्ट्रात तो नाही. भारतात त्याच्यासाठी दार्जिलिंग किंवा ईशान्येकडच्या डोंगरांत जावे लागते. ऑस्टिनच्या या दोन्ही प्रजातींना फुप्फुसे नाहीत, बाहेरून दिसणारे कल्ले आयुष्यभर टिकतात आणि पाणी त्या कधीच सोडत नाहीत.

१९९३ साली नामकरण झालेला बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर झऱ्याच्या मुखाशी, दगड आणि शेवाळ यांच्या आडोशाने वावरतो. त्याचे डोळे लहान असले तरी कामाचे आहेत आणि अंगावर तपकिरी-जांभळट ठिपके असतात. २००१ साली वर्णन झालेल्या ऑस्टिन ब्लाइंड सॅलमँडरच्या कातडीखाली मात्र डोळ्यांच्या जागी केवळ काळसर ठिपके उरले आहेत, मुस्कट चपटे आहे आणि तो भूजलाच्या अंधाऱ्या भेगांतच राहतो. वर दिसतात ती बहुधा त्याची पिल्ले. गंमत म्हणजे त्याचे जवळचे नाते शेजाऱ्याशी नसून दक्षिणेकडच्या सॅन मार्कोस येथील टेक्सास ब्लाइंड सॅलमँडरशी आहे.

धोका दोघांना एकच. या झऱ्यांना पाणी पुरवणाऱ्या एडवर्ड्स चुनखडकाच्या भेगांतून पावसाचे पाणी फारसे न गाळले जाता खाली उतरते, आणि त्याबरोबर रस्त्यावरचे तेल, खते, कीटकनाशके असे सगळेच उतरते. दुष्काळात उपसा वाढला की पाण्यातला प्राणवायूही घटतो. उपाय मात्र दोघांना सारखेच लागू पडतात, असे मला वाटत नाही. झऱ्याच्या पाण्यावरचा पोहण्याचा तलाव क्लोरीनविना धुणे, मुखाशी गाळ साचू न देणे, दिसतील तेवढे सॅलमँडर मोजणे, ही सारी व्यवस्था उजेडात राहणाऱ्याच्या सोयीची आहे. त्याला १९९७ साली संरक्षण मिळाले, तर आंधळ्याला २०१३ पर्यंत थांबावे लागले, आणि झऱ्यावरच्या मोजणीतून त्याची खरी संख्या आजही कळू शकत नाही.

त्याच्यापर्यंत पोहोचतात ते उपाय तलावापासून दूरचे आहेत: ऑस्टिनमध्ये २००६ पासून डांबरी जागांवर कोल-टार सीलंट, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबराचा संरक्षक लेप, लावण्यास असलेली बंदी, आणि पाणी जिथे मुरते ती जमीन विकत घेऊन मोकळी ठेवणे. या जमीनखरेदीसाठीच्या कर्जरोख्यांना ऑस्टिनच्या मतदारांनी १९९८ साली मंजुरी दिली, तेव्हा या आंधळ्या सॅलमँडरला शास्त्रीय नावही मिळालेले नव्हते.