भीमाशंकरची कारवी: फोटो मुन्नारचा, गुडघा माझा

आधी हे सांगून टाकतो. 'भीमाशंकरचे डोंगर जांभळे झाले' म्हणून व्हॉट्सॲपवर जो फोटो फिरतोय, तो भीमाशंकरचा नाही, मुन्नारकडच्या नीलकुरिंजीचा आहे. हा शोध मला लागला घरी, गुडघ्याला हळद लावून बसलो होतो तेव्हा. उघड्या गवताळ टेकड्या आणि त्यावर कमरेएवढी झुडपं दिसली की नीलकुरिंजी समजा. ती बारा वर्षांनी फुलते आणि मागची खेप २०१८ ची होती. आपली कारवी, म्हणजे सह्याद्रीतलं जांभळ्या फुलांचं झुडूप, डोक्यावरून जाईल इतकी उंच, झाडीतल्या उतारांवर दाटीवाटीने उभी. आणि कासच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बुटकी, उपड्या टोपलीसारखी दिसते ती टोपली कारवी. या तिघींचे फोटो मिसळून पुढे ढकलणाऱ्याला भर पावसात शिडी घाट, म्हणजे भीमाशंकरची लोखंडी शिड्यांची वाट, उतरायला लावलं पाहिजे.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. कर्जतहून कशेळेमार्गे खांडस, भीमाशंकरच्या पायथ्याचं गाव. गावातच एक पोरगा भेटला. "दादा, फुलांचा पट्टा दाखवतो, दीड हजार." घासाघीस करून बाराशेवर आणला आणि स्वतःला मोठा शहाणा समजलो. त्याने नेलं गणेश घाटाने, म्हणजे ज्या मळलेल्या वाटेने भाविकसुद्धा चढतात तिथून! त्या वाटेला वाटाड्या लागत नाही, एक रुपयाही देऊ नका. दोन तासांनी त्याने बोट दाखवलं: कारवीच कारवी, खरखरीत पानं, कळी एक नाही.

"पुढच्या वर्षी फुलंल, दादा."

यात त्याचं खोटं एवढंच की हे त्याला खाली गावातच माहीत होतं. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी फुलते, बी धरते आणि मरते. पण प्रत्येक डोंगराचा हिशोब वेगळा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. ते वर्ष धरून भीमाशंकरला जाण्यात अर्थ नाही. जायच्या आधी पायथ्याच्या गावात कुणाला तरी फोन करा आणि एकच विचारा, कळ्या धरल्यात का? "फुलं आहेत का" विचारलंत तर उत्तर 'हो'च येणार.

आता तो उतार. वाटेतल्या पदरवाडीच्या झोपडीत चहा घेतल्यावर पोरगा म्हणाला, ओढ्यापलीकडे एक पट्टा फुललाय, जरा उतरावं लागेल. जरा! जेमतेम पन्नास मीटरचा उतार, लाल चिखल, आणि मला लागला पाऊण तास. आधाराला दोन्ही बाजूंना कारवीच्या काठ्या. पहिली धरली, कट्कन मोडली. दुसरी मोडली. तिसरीसकट मी दहा फूट खाली. हा पट्टा आदल्याच वर्षी फुलून मेलेला होता. बोंडं वर्षभर वाळत उभी राहतात, पुढच्या पहिल्या पावसात तडतड फुटून बी उडतं, आणि मेलेल्या काठ्या मात्र तशाच उभ्या. ओल्या असल्या की जिवंत काठ्यांपासून ओळखू येत नाहीत. याच काठ्यांचे कूड विणून, शेणमातीने लिंपून इथली घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. भिंतीत त्या टिकतात, सत्तर किलोच्या माणसाला तोलत नाहीत. म्हणून शेंड्याला हिरवी पानं असतील तीच काठी धरायची, तीही बुंध्याशी, आणि एक नाही, तीन-चार एकत्र. पायाखाली नवी रोपं उगवलेली दिसली तर वरच्या काठ्या मेलेल्या आहेत, हे नक्की. तिथून सरळ मागे फिरा.

मी फिरलो नाही, आणि ओढा ओलांडल्यावर फुललेला पट्टा खरोखरच सापडला. दोन गुंठे असेल नसेल. निळसर जांभळी फुलं खांद्याशी, डोक्यावर, आणि मधमाश्यांचा असा घुमारा की पोरगा बोलत होता ते ऐकू येईना. बाराशे, गुडघा, चिखल, सगळं पाच मिनिटं माफ. सहावं मिनिट परतीच्या चढाचं होतं. तरी पुन्हा जाईन, गणेश घाटाने आणि एकटा नाही.

शिडी घाटाबद्दल लोक विचारतातच. पावसात नको. शिड्यांपेक्षा त्यांच्यामधला ओला कातळ वाईट, आणि पावसाळ्यात तिकडे बंदी घालतात, तेही आधी विचारून घ्या.

वर मुक्काम, सकाळी दर्शन, एसटीने मंचर. छान झालं.

हो, वर एकाने 'या हंगामाचा ताजा कारवीचा मध' म्हणून सहाशेची बाटली पुढे केली. फुलोरा अजून चालू आहे, पोळी काढायची बाकी आहेत, मग हा कुठला? कारवीचा मध दाट आणि गडद असतो, त्या बाटलीतला चहासारखा हलत होता. मी घेतला नाही. शेजारी उभ्या असलेल्याने दोन घेतल्या.

कपडे जुने घाला. फुलोऱ्याचे तुरे चिकट असतात. माझा शर्ट तीनदा धुतला, अजून बाहीला हात चिकटतो.