बाजारात नसलेली वस्तूही जुनी कशी ठरते?

"माझी वस्तू जगात कोणीच विकत नाही, ती मी स्वतः शोधली आहे; मग कुठल्यातरी जुन्या लेखामुळे माझा पेटंटचा दावा नवा नाही, असे कसे म्हणता येते?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. तुम्हीही विचारलात, म्हणून उत्तर लिहीत आहे.

पेटंट कार्यालयातील परीक्षक वस्तूला नव्हे, तर दाव्यातील, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा हे सांगणाऱ्या अर्जातील विधानातील, शब्दांना तपासतो. दाव्याचे घटक सुटे करून, ते सगळे त्याच रचनेत अर्जाच्या तारखेपूर्वीच्या एकाच उपलब्ध दस्तऐवजात सापडतात का, हे तो पाहतो. दोन दस्तऐवज जोडावे लागले, तर तो आक्षेप नावीन्याचा राहत नाही, कल्पकतेचा होतो, म्हणजे त्या क्षेत्रातील जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती का, असा.

अमेरिकेतील १९८५ च्या एका निकालात हे फार स्पष्ट दिसते. दावा टायटॅनियमच्या अशा मिश्रधातूवर होता, ज्यात मॉलिब्डेनम ०.२ ते ०.४ टक्के आणि निकेल ०.६ ते ०.९ टक्के असेल. एका जुन्या रशियन लेखातील आलेखावर ०.२५ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.७५ टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूची नोंद निघाली. हा धातू गंजाला उत्तम तोंड देतो, हे अर्जदारांनीच शोधले होते आणि त्या लेखात त्याचा उल्लेखही नव्हता. तरीही दावा खुद्द मिश्रधातूवर असल्यामुळे तेवढी एक नोंद पुरली. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण जुन्या पदार्थाचा नवा गुण कळला म्हणून तो पदार्थ नवा होत नाही. म्हणूनच दाव्यात प्रमाणांची मोठी श्रेणी मागण्याचा मोह धोक्याचा असतो: तिच्या आतले एकच जुने उदाहरण संपूर्ण दावा पाडते.

तो दस्तऐवज कोणी वाचला होता का, हा प्रश्नही गौण आहे. १९८६ च्या दुसऱ्या अमेरिकी निकालात जर्मनीतील फ्रायबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूचीबद्ध असलेला एक प्रबंध पुरेसा ठरला. शोधकाचे स्वतःचे व्याख्यानही, ते अर्जाआधी झाले असेल तर, त्याच्याविरुद्ध जाऊ शकते. अमेरिकेत त्यासाठी एक वर्षाची सवलत आहे, युरोपात मात्र अशी सर्वसाधारण सवलत नाही.

आक्षेप आल्यावर जुन्या लेखात नसलेला एखादा घटक जोडून दावा अरुंद करता येतो. पण तो घटक मूळ विनिर्देशात, म्हणजे अर्जासोबतच्या शोधाच्या सविस्तर वर्णनात, आधीच लिहिलेला असावा लागतो, म्हणून पहिल्याच मसुद्यात नेमकी प्रमाणे, पर्यायी रचना आणि उदाहरणे सविस्तर नोंदवावीत.