चिटबॉयनं कळवलं तर?

सिडनीच्या ज्या पाळणाघरात मी काम करते, तिथं एखाद्या पोराच्या अंगावर वळ दिसले किंवा ते सारखं उपाशीच येतंय असं वाटलं, तर सरकारला कळवणं मला कायद्यानं भाग आहे. न्यू साउथ वेल्सचा हा कायदा १९९८ चा. डॉक्टर, नर्स, शिक्षक, पोलीस अशा कळवायला बांधलेल्यांच्या यादीत आधीपासून होते. १ मार्च २०२० पासून धर्मगुरू आणि नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञही आले. संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची २०१३ ते २०१७ अशी देशपातळीवर चौकशी झाली होती, त्याचा हा परिणाम.

माझी वहिनी वाळवा तालुक्यात अंगणवाडी सेविका. फोनवर हे ऐकून म्हणाली, "अवो वन्सं, ही तर चहाडीच झाली की! उद्या पोराचा बाप दारात येऊन उभा राहिला म्हंजे?"

तिची भीती खरी आहे. इथं कळवणाऱ्याचं नाव कायद्यानं झाकलेलं असतं. पुरावाही मागत नाहीत, शंकेला रास्त कारण असलं की पुरतं. मन द्विधा झालं तर ऑनलाइन प्रश्नावली आहे. एकेक उत्तर देत गेलं की कळवायचं की त्या घराला दुसरी मदत सुचवायची, ते समजतं.

पण नुसती यादी लांबवून भागत नाही. या राज्यात एकेकाळी इतक्या तक्रारी यायला लागल्या की खरी निकडीची पोरं त्या ढिगात हरवायची. २००८ च्या चौकशी आयोगानंतर, २०१० मध्ये, नुसत्या 'धोक्या'ऐवजी 'गंभीर धोका' अशी अट आली.

आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं हे बंधन प्रत्येकावरच घातलंय. गप्प बसणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. पण ते लैंगिक गुन्ह्यांपुरतं. मारहाण आणि हेळसांड त्यात येत नाही.

आणि हेळसांड म्हणायची तरी कशाला? दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, आई-बाप पहाटे उसाच्या फडात, तान्हं बांधावर साडीच्या झोळीत, त्याच्यावर लक्ष ठेवायला सात वर्षांची बहीण. तिची शाळा बुडते. या साऱ्याला हेळसांड म्हणून आई-बापावर केस केली तर मी स्वतः विरोधात उभी राहीन. ती गरिबी आहे, तिथं पाळणाघर आणि ऊसतोड मजुरांच्या पोरांसाठीची साखरशाळा लागते. मात्र त्याच खोपीत पोर तापानं फणफणत चार दिवस पडून असेल, किंवा मुलीच्या बाबतीत काही वंगाळ घडत असेल, तर ते बघणारा कुणीतरी कळवायला बांधलेला हवा. तिथं ना शिक्षक पोचतो ना डॉक्टर. म्हणून मी वहिनीला म्हटलं, आपल्याकडं अशी यादी केली तर तिच्यात टोळी आणणारा मुकादम घाला.

ती हसलीच. "मुकादम? त्याची उचल, म्हंजे आगाऊ दिल्यालं पैसं, अडकलेली असती मजुरांकडं. एक कोयता, म्हंजे तोडणीची एक जोडी, गेला तर पैसं बुडालं. त्यो कशाला तोंड उघडंल? त्यापरीस तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा चिटबॉय घाला. त्यो फडावर येतोच, आन् त्याचा पगार कारखान्याकडनं."