रंकाळा, वाघबीळ घाट, कागल: जुन्या गाडीतला येता-जाता आवाज पकडण्यासाठी एक फेरी

गाडी सव्वा लाख कि.मी. चाललेली, पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली पेट्रोल हॅचबॅक. टायर 165/80 आर14. तक्रारी दोन. 50 च्या वर गेलं की घुंऽऽ असा आवाज, पण कधी येतो आणि कधी दहा-दहा कि.मी. गप्प. दुसरी, चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सीटखाली थरथर. गॅरेजच्या दारात नेली की दोन्ही गायब.

असा आवाज लहरी नसतो. तो कुठल्या तरी अटीला बांधलेला असतो: वेग, इंजिनाचे फेरे, भार, वळण, ब्रेक, तापमान किंवा रस्त्याचा पृष्ठभाग. गॅरेजच्या गल्लीत यातल्या निम्म्या अटीही पुऱ्या होत नाहीत, म्हणून मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. या अटी एकेक करून वेगळ्या करणारा रस्ता लागतो, आणि कोल्हापूरकरांना तो घरापासून 20 कि.मी.च्या आत मिळतो.

आदल्या रात्रीची तयारी टाळू नका. डिकी पूर्ण रिकामी करा: स्टेपनी, जॅक, पाना, हवेचा पंप, सगळं. पंक्चर झालंच तर म्हणून स्टेपनी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून ठेवा. हवा थंड टायरमध्ये, दारावरच्या पट्टीवर लिहिलेली. मग चारही रिम आतल्या बाजूनं धुवा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी रस्त्यावर आलेला चिखल रिमच्या आत वाळून बसतो, आणि 50-60 ग्रॅमचा एक ढेकूळही 80 च्या वेगाला स्टेअरिंग हलवायला पुरतो. शेवटी तळहात टायरच्या नक्षीवरून पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागलं तर ती दातेरी झीज. तिचा आवाज खराब बेअरिंगसारखाच येतो आणि त्यापायी चांगली बेअरिंग फुकट बदलली जातात. शंका असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घाला. आवाजाची जागा बदलली तर टायर दोषी.

निघायचं सकाळी सहाला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीतून. सोबत ऐकणारा एक माणूस हवाच. चालवणाऱ्यानं फक्त चालवायचं. दुसऱ्यानं वेग, गिअर, वळण आणि आवाज मोबाइलमध्ये बोलून नोंदवायचा.

रंकाळ्यावरून गंगावेशीतून शिवाजी पुलापर्यंतचा पट्टा 20-25 च्या वेगानं, काचा खाली. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे बारीक खडखडही स्पष्ट कळते. आधी सस्पेन्शनचे भाग तपासायचे. छोट्या खड्ड्यांवर टकटक आली तर लिंक रॉड. स्पीडब्रेकरवरून उतरताना एकच 'धप्प' आला तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंगमधून 'टंग' आला तर स्ट्रट माउंट. या गाडीत यातलं काहीच नव्हतं, म्हणजे सस्पेन्शन बाजूला ठेवता आलं.

पुलापलीकडे केर्लीपर्यंतच्या सपाट रस्त्यावर 60 चा वेग धरला आणि घुंऽऽ सुरू झाला. रस्ता मोकळा असताना न्यूट्रल केलं: आवाज तसाच. म्हणजे इंजिन, क्लच, सायलेन्सर सुटले. आवाज चाकांच्या फेऱ्यांना बांधलेला आहे. ही चाचणी सपाटीवरच करा आणि इंजिन कधीही बंद करू नका. बंद इंजिनात ब्रेक दगडासारखा होतो आणि किल्ली मागे गेली तर स्टेअरिंग लॉक होतं. घाटात न्यूट्रल अजिबात नको.

पन्हाळ्याच्या वाटेवरचा वाघबीळचा घाट हा या फेरीचा गाभा. उजवीकडच्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, डावीकडच्या वळणावर उजव्या. नोंदीत चित्र स्वच्छ होतं: उजव्या वळणांवर आवाज वाढतो, डाव्या वळणांवर जवळजवळ बंद. म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग. 'कधी येतो, कधी नाही' याचा उलगडा इथंच होतो. बेअरिंगच्या रिंगेचा थोडाच भाग खरवडलेला असेल, तर त्यावर भार आला तरच आवाज येतो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर तो दबतो आणि रस्ता डावीकडे उतरता असला की पुन्हा उठतो.

थरथरीचं उत्तरही चढावरच मिळालं. दुसरा गिअर, 35 चा वेग, ॲक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय उचलला की त्याच क्षणी बंद. हे एक्सलच्या (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या फिरत्या दांड्याच्या) आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं लक्षण. त्यात तीन रोलर तीन खाचांत पुढेमागे सरकतात. खाचा झिजल्या की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तीन धक्के बसतात. या टायरचा घेर साधारण 1.9 मीटर, म्हणजे 35 च्या वेगाला चाकाचे सेकंदाला पाच फेरे आणि पंधरा धक्के. बाहेरचा जॉइंट गेला असता तर पूर्ण स्टेअरिंग कापून वळताना कटकट आली असती. इंजिन माउंट गेलं असतं तर एसी लावून उभ्या गाडीतही कंप जाणवला असता आणि क्लच सोडताना धक्का बसला असता.

पन्हाळ्यावर, कोल्हापूरपेक्षा साधारण 400 मीटर वर पोचल्यावर, लगेच चारही हबचं (चाकाच्या मधल्या, बेअरिंगवर फिरणाऱ्या भागाचं) तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं घ्या. हे वरच करायचं, खाली उतरल्यावर नाही. चढताना ब्रेक फारसा लागत नाही; उतारानंतर ब्रेकची उष्णता बेअरिंगची उष्णता झाकून टाकते. इथं पुढचा डावा हब उजव्यापेक्षा स्पष्टच जास्त तापलेला होता. हात लावून पाहू नका, डिस्क भाजते.

परत उतरून तावडे हॉटेलवरून महामार्गानं कागलपर्यंत. पुढं कोगनोळीचा टोलनाका आहे, त्याआधीच वळा. इथं दोनच प्रश्न. 80 ते 100 मध्ये स्टेअरिंग थरथरतं का? थरथरलं तर चाकांचं बॅलन्सिंग. आणि मागे वाहन नसताना 80 वरून हलका ब्रेक लावल्यावर पेडल पायाला ढकलतं का? ढकललं तर ब्रेकची डिस्क. दोन्ही उत्तरं 'नाही' आली.

आता जॅक. मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ओट लावा, गाडी स्टँडवर घ्या, जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावं-उजवं. वर-खाली खेळलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, फक्त डावं-उजवं खेळलं तर टाय रॉड एंड. या गाडीत खेळ कुठंच नव्हता, आणि इथंच बरेच जण 'बेअरिंग ठीक आहे' म्हणून सोडून देतात. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक एका हातानं हळू फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवा. जात्यात खडा आल्यासारखी खरखर स्प्रिंगमधून बोटांत उतरते. उजव्या बाजूला शांत, डाव्या बाजूला प्रत्येक फेऱ्याला जाणवणारी. कानापेक्षा हे जास्त खात्रीचं.

कोल्हापुरात याचं एक कारण खास विचारात घ्यावं. 2019 आणि 2021 च्या महापुरात ज्या गाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरून गंज धरतो आणि आवाज बऱ्याच महिन्यांनी सुरू होतो. जुनी गाडी घेताना हे विचाराच.

बेअरिंग बसवण्यासाठी नकल (ज्यात बेअरिंग बसतं तो भाग) सोडवून उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये प्रेसवर न्या. घणानं ठोकू देऊ नका. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगेवर हवा, आणि हब आत घालताना खालून आधार आतल्या रिंगेला हवा. हे उलट झालं तर सगळा दाब गोळ्यांमधून जातो, रिंगांवर त्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी गुणगुणतं. सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवणारी कडी) आणि एक्सल नट नवेच घ्या. नट गाडीच्या पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळायचा, आणि तो आवळेपर्यंत गाडी चाकावर टेकवायची नाही. आतल्या जॉइंटमध्ये नुसतं ग्रीस भरून थोडे दिवस बरं वाटतं, पण खाचेत नख अडकत असेल तर जॉइंट बदलावाच लागतो. बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) आणि क्लिपाही त्यासोबत.

काम एकेक करा. आधी बेअरिंग, मग घाटाची फेरी, मग जॉइंट, मग पुन्हा तीच फेरी त्याच क्रमानं. दोन्ही एकदम बदलली तर कशानं काय गेलं ते कळत नाही. एक्सल नट आणि हबवर मिळून पेंटची एक रेघ ओढून ठेवा. पन्हाळ्याहून परतल्यावर ती रेघ तुटलेली दिसली तर नट सरकला आहे, गाडी तिथंच थांबवा. चाकाचे नट 100 कि.मी. नंतर टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा.