अकरा मीटरांचा हिशेब

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो, आणि हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर, निपाणीच्या मेहुण्यांच्या ओसरीवर आणि लग्नाच्या पंगतीत तेच ते पुन्हा सांगण्याची वेळ माझ्यावर येणार नाही. प्रश्न नेहमी एकच असतो. दोन मोटरींची एवढी महागडी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन तुम्ही ड्रॅग शर्यतीला, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीला, गेलात आणि पेट्रोलच्या एका सेडानकडून हरलात कसे? माझ्या भाच्याने काढलेला चौदा सेकंदांचा व्हिडिओ तुम्ही सर्वांनी पाहिला आहे, बहुतेकांनी पुढेही पाठवला आहे. इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, देते, गिअर बदलण्यात वेळ जात नाही, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो फिरण्याची वाट पाहावी लागत नाही, ही सगळी पार्श्वभूमी मी इथे गाळतो, कारण ती तुम्हाला मीच ऐकवली होती, आणि तीही गरजेपेक्षा जास्त वेळा.

आधी माझी बाजू मांडतो. धावपट्टीवर प्रत्येक फेरीनंतर हातात कागदाची एक छोटी चिठ्ठी मिळते. माझ्या चिठ्ठीवर पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, वेळ १२.९४ सेकंद आहे आणि त्या सेडानची १३.०२. माझी वेळ कमी आहे, तरीही मी हरलो आणि तेही अकरा मीटरांनी. हे ऐकून लोक हसतात, पण यात चमत्कार काही नाही. चिठ्ठीवरचे घड्याळ हिरवा दिवा लागल्यावर सुरू होत नसून, पुढचे चाक आरंभरेषेवरचा प्रकाशकिरण सोडून पुढे गेल्यावर सुरू होते. दिवा लागल्यापासून चाक तिथून सुटेपर्यंतचा वेळ वेगळ्या रकान्यात लिहिला जातो, त्याला रिअॅक्शन टाइम म्हणतात. शर्यतीचा निकाल मात्र दोन्ही रकान्यांच्या बेरजेवर लागतो. माझ्या त्या रकान्यात ०.७२ होते, सेडानवाल्याच्या ०.४१. माझी बेरीज १३.६६, त्याची १३.४३. फरक ०.२३ सेकंदांचा, आणि ताशी १७० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात जवळपास अकरा मीटर जाते. म्हणून कित्येक महिने मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगत राहिलो की गाडी जिंकली आणि मी हरलो. वाक्य ऐकायला विनम्र वाटते. प्रत्यक्षात ते गाडीची, आणि ती निवडणाऱ्याची, बढाई होती.

आता त्या सकाळबद्दल. बेळगावहून आदल्या दिवशी निघालो, कऱ्हाडला गाडी चार्ज केली आणि पहाटे घाटमाथ्यावरच्या त्या खासगी धावपट्टीवर पोचलो. माझा नंबर आला तेव्हा बॅटरी ६१ टक्के होती. बॅटरी उतरते तसे तिचे व्होल्टेज उतरते आणि मोटरींना मिळणारी कमाल शक्तीही थोडी कमी होते, हे मला माहीत होते. हरल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी तेच कारण सांगत होतो, हेही कबूल करतो. शेजारच्या मार्गिकेत कोल्हापूर पासिंगची सेडान होती आणि आत जेमतेम पंचविशीतला मुलगा. तो इचलकरंजीचा असल्याचे नंतर कळले. माझ्या गाडीत पूर्ण शांतता होती. डावा पाय ब्रेकवर, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तळापर्यंत, गाडीचे नाक किंचित दबलेले. त्याने इंजिन रेस करताच माझ्या डाव्या खिडकीची काच थरथरली, आणि त्या थरथरीकडे माझी नजर गेली. क्षणभरच, पण गेली.

समोरच्या खांबावर तीन पिवळे दिवे अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या अंतराने खाली उतरत येतात आणि मग हिरवा लागतो. मुरलेला चालक हिरव्याची वाट पाहत नाही. शेवटचा पिवळा दिसताच तो सुटतो, कारण डोळ्यापासून पायापर्यंत आणि पायापासून चाकापर्यंत निरोप पोचायला जो वेळ लागतो तेवढ्यात हिरवा लागलेला असतो. मी हे वाचले होते, भाच्याला समजावूनही सांगितले होते. परंतु चन्नम्मा चौकाच्या सिग्नलवर तीस वर्षे हिरव्याची वाट पाहिलेला पाय ऐनवेळी वाचलेले ऐकत नाही. हिरवा लागला, मला दिसला, आणि दिसल्यानंतरही ब्रेकवरचा पाय उचलण्याआधी मी जणू खात्री करून घेतली. व्हिडिओत भाच्याचा आवाज नीट ऐकू येतो, "मामा, हिरवा पडला की!" तो ओरडला तेव्हा सेडान निघालेली होती.

त्यानंतर गाडीने तिचे काम चोख केले. पहिल्या अठरा मीटरांना तिला १.९५ सेकंद लागले, त्या मुलाला २.२०. पाठ सीटमध्ये रुतली आणि अर्ध्या वाटेपर्यंत मी त्याच्या मागच्या दरवाजापर्यंत आलो. नंतर अंतर पुन्हा वाढत गेले, कारण एकाच गिअरवर धावणाऱ्या मोटरीचा जोर वेग वाढेल तसा ओसरतो, आणि त्याची गाडी तिथेच खुलत होती. शेवटच्या रेषेवर त्याचा वेग १७८ होता, माझा १७०. उतरल्यावर त्याने हात मिळवला आणि म्हणाला, "काका, गाडी लय भारी आहे." त्या "काका"मध्ये खोच होती की साधा आदर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

इलेक्ट्रिक गाडीचा एक तोटा कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. क्लच चुकला, टर्बो उशिरा भरला, दुसरा गिअर अडखळला, असे म्हणून पेट्रोलवाला हरल्यावर तोंड लपवू शकतो. इथे सबबी ठेवायला जागाच नाही. गाडीच्या वेळेचे सूत्र साधारणपणे असे की वजन आणि शक्ती यांच्या गुणोत्तराच्या घनमूळाने वेळ बदलतो. म्हणजे माझ्या पायाने घालवलेले ०.२३ सेकंद गाडीकडून भरून काढायचे तर तिची शक्ती साडेपाच टक्क्यांहून अधिक वाढवावी लागली असती. तेवढ्यासाठी कारखान्यात अभियंत्यांचा जीव जातो. मी ते एका खात्री करून घेण्यात घालवले.

त्याआधीचा मी कसा होतो हेही सांगितले पाहिजे, कारण तुमच्यातले जुने लोक ते विसरलेले नाहीत. हत्तरगीच्या टोल नाक्यावर फाटक उघडताच मी एकदा गाडी अशी उडवली की पत्नीच्या मांडीवरचा कुंद्याचा डबा मागच्या सीटवर जाऊन पडला, आणि मी तिची माफी मागण्याऐवजी तिला टॉर्क म्हणजे काय ते समजावत बसलो. मी आकडे पाठ केले होते. महिंद्राची बीई ६ शून्यापासून १०० किलोमीटर वेगाला ६.७ सेकंदांत पोचते, टाटाची दोन मोटरींची हॅरियर इव्ही ६.३ मध्ये, बीवायडीची दोन मोटरींची सीलायन ७ तर ४.५ मध्ये. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असल्याने इथे साध्या पेट्रोल इंजिनाची सात-आठ टक्के ताकद विरळ हवेत जाते आणि मोटरीला श्वासच घ्यावा लागत नाही, हा माझा लाडका मुद्दा होता. मुद्दा खरा आहे. फक्त समोरची सेडान टर्बोची होती, आणि टर्बो असलेल्या इंजिनाला एवढ्या उंचीचा फारसा फटका बसत नाही. हे मला तेव्हाही माहीत होते, पण तेवढे वाक्य मी गाळत असे.

"गाडी जिंकली, मी हरलो" या वाक्याचा निकाल शेवटी मुलीने लावला. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी तिला अभिमानाने सांगत होतो की आरंभरेषेवर मी गाडी मुद्दाम किंचित मागे, गाडी रेषेवर आल्याचा दिवा जेमतेम पेटेल इतकीच पुढे घेऊन उभी केली होती, कारण त्यामुळे किरण सोडून पुढे जाण्याआधी चाकाला थोडी धाव मिळते आणि चिठ्ठीवरची वेळ सुधारते. अमेरिकेत याच पहिल्या फुटाला रोलआउट म्हणतात, आणि तिकडे टेस्लासारख्या कंपन्या आपल्या सर्वांत वेगवान गाड्यांचे आकडे तो फूट वजा करूनच सांगतात. मुलीने माझ्या मशीन शॉपमधल्या डिलिव्हरी चलनाची एक प्रत उलटी केली आणि पेन्सिलीने हिशेब मांडला. चाक किरण सुटण्याआधी तीस सेंटीमीटर चालले तर पाव सेकंदाहून थोडे अधिक लागते, आणि गाडी पुढे उभी केल्याने ते दहाच सेंटीमीटर चालले तर सुमारे ०.१६ सेकंद लागतात. म्हणजे ०.११ सेकंद मी एका रकान्यातून काढून दुसऱ्यात टाकले होते. बेरजेवर त्याचा परिणाम किती? तेच वीस सेंटीमीटर शेवटच्या रेषेवर ०.००४ सेकंदांत संपतात. "पप्पा, तुम्ही पुढे उभे राहिला असतात तरी हरलाच असता," ती म्हणाली. "फक्त चिठ्ठीवर १२.९४ च्या जागी १३.०५ आले असते."

१३.०५, आणि त्या मुलाचे १३.०२.

मी इंजिनांच्या कास्टिंगचे मशीनिंग करतो. दोन शतांश मिलिमीटरसाठी माझा माल परत आला आहे, आणि मोजमाप कोणत्या कडेपासून घेतले हे न सांगता आकडा सांगणाऱ्याला मी माझ्या शॉपमध्ये उभा करत नाही. शिवाय सीमाभागातल्या माणसाला, रेषेच्या अलीकडे की पलीकडे याने काय काय बदलते, हे वेगळे शिकवावे लागू नये. तरीही मी ती चिठ्ठी कित्येक महिने पाकिटात घालून फिरलो आणि दिसेल त्याला दाखवत राहिलो.

लगेच मी वकिली सुरू केली. त्यानेही गाडी माझ्यासारखीच मागे उभी केली असेल तर दोघांचा हिशेब सारखाच होतो आणि माझे ०.०८ सेकंद शाबूत राहतात. पुढे उभी केली असेल तर गाडीसुद्धा हरली. मुलगी म्हणाली, बघूया. आम्ही व्हिडिओ संगणकावर लावला, पहिले दोन सेकंद चित्र चित्र थांबवत पाहिले, मोठे करून पाहिले. भाचा माझ्या बाजूला उभा होता. दिवे दिसतात, माझे पुढचे चाक दिसते, मुलाच्या गाडीचे छप्पर आणि मागचा दिवा दिसतो. त्याचे पुढचे चाक माझ्या एसयूव्हीच्या आड गेलेले आहे.