गच्चीवरचे छत्रीवाले : पाऊस ते वैशाख, नाशिक

सध्या गच्चीवर टबातल्या पाण्यात वाढणाऱ्या छत्रीच्या झाडांचे तीन प्रकार आहेत. नर्सरीत ‘अम्ब्रेला पाम’ म्हणून मिळतो तो, दुसरा बुटका पपायरस आणि तिसरा खरा, उंच वाढणारा पपायरस. तिघांचंही आडनाव सायपेरस. पामशी यांचं काही नातं नाही. शेतातला लव्हाळा हा यांचा सख्खा चुलतभाऊ आणि दिवाळीच्या उटण्यात पडणारा नागरमोथाही याच घरातला. माझ्या मामांचं अर्धं आयुष्य कांद्याच्या वाफ्यातला लव्हाळा उपटण्यात गेलं. त्यांनी टबाकडे बघून एवढंच विचारलं, “हे पैसे देऊन आणलंस?”

अम्ब्रेला पामच्या लेबलवर बहुतेक वेळा ‘सायपेरस अल्टर्निफोलियस’ लिहिलेलं असतं. तो मूळचा मादागास्करचा. नर्सऱ्यांमध्ये सर्रास मिळतो तो आफ्रिकेतला ‘इन्व्होल्युक्रेटस’. काळजी दोघांची सारखीच, त्यामुळे लेबलवरून वाद घालू नये. छत्रीसारखी पसरलेली पातीही खरी पानं नव्हेत, ती फुलाखालची सहपत्रं. खरी पानं दांड्याच्या बुडाशी नुसत्या तपकिरी खोळा होऊन राहिलेली असतात. ही माहिती पुढे रोपं करताना कामाला येते.

जून : माती

गच्चीवर बाग करणारे आपण सगळे काळ्या मातीला टरकून असतो. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, निचऱ्याच्या नावाने शून्य. म्हणून कोकोपीट, पर्लाइट, भाताचं तूस असा सगळा खटाटोप करायचा. या झाडाला मात्र निचरा नकोच आहे. गंगापूर रोडच्या पलीकडच्या मळ्यातून बांधाची काळी माती आणली, ढेकळं फोडली, पालापाचोळा काढून टाकला आणि अंदाजे पाचवा हिस्सा जाड वाळू मिसळली. बाकी काही नाही.

कोकोपीट घालू नका, पाणी भरताच ते वर येऊन तरंगतं. शेणखतही नको. पाण्याखाली कुजताना ते पाण्यातला ऑक्सिजन खातं, पाणी हिरवं होतं आणि वासामुळे घरातले लोक छंदाविरुद्ध जातात ते वेगळंच. मातीवर बोटभर जाडीचा खडीचा थर दिला की पाणी गढूळ होत नाही आणि मासे माती उकरत नाहीत.

मांडणी अशी : भोकं असलेली प्लास्टिकची कुंडी, ती बिनभोकाच्या टबात, कुंडीखाली वीट. अम्ब्रेला पामच्या मातीवर इंच-दोन इंच पाणी ठेवतो. बुटक्या पपायरसला मातीच्या पातळीइतकं पुरतं. उंच पपायरस एकदा मुळं धरून बसला की त्याला आणखी खोल पाणी चालतं. पातळी बदलायची तर वीट काढायची किंवा वाढवायची. थेट टबातच माती भरली तर दिसायला झकास दिसतं, पण गड्डा फोडायची वेळ आली की टब कापावा लागतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पन्नास लिटरचा टब, माती आणि विटा धरून बऱ्यापैकी वजन होतं. माझे सगळे टब भिंतीलगत, खाली बीम आहे तिथे मांडलेत. स्लॅबच्या मध्यावर एकही नाही.

डासांसाठी गप्पी मासे. डेंग्यूच्या दिवसांत उघडं पाणी ठेवायचं तर याला पर्याय नाही.

जुलै : उलटी छत्री

या झाडाची सगळ्यात मजेशीर गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दांडा निवडताना अगदी कोवळा घ्यायचा नाही आणि पिवळसर पडलेलाही नाही. छत्री पूर्ण उघडलेली, पाती गडद हिरवी आणि शक्यतो मधली फुलं नुकती दिसायला लागलेली असावीत. छत्रीखाली तीन बोटं दांडा ठेवून कापायचं. मग कात्रीने सगळी पाती निम्मी करायची. एवढी सुंदर छत्री भादरताना जीव कसानुसा होतो, पण मुळं नसताना लांब पाती नुसतं पाणी उडवत बसतात. आता ही छत्री पाण्यात उलटी सोडायची, पाती खाली आणि दांड्याचं टोक वर.

उलटी का, तर कोंब सहपत्रांच्या बगलेत असतात. पाणथळ जागेत म्हातारा दांडा वाकतो, छत्री पाण्यात टेकते आणि तिथेच नवं रोप धरतं. आपण कात्रीने तेच जरा लवकर घडवून आणतो. दांड्याचं टोक पाण्यात खोचून ठेवलं तर तिथून काहीही येत नाही, ते नुसतं कुजतं. मनी प्लांटच्या सवयीने बरेच जण नेमकं तेच करतात आणि मग झाडाला नावं ठेवतात.

पावसाळ्याच्या उबेत दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात, मग मधून हिरवे कोंब. रूटिंग पावडरची गरज नाही. पाणी अधूनमधून बदलायचं आणि भांडं उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवायचं. कोंब वीतभर झाले की छत्री तशीच चिखलात दाबून बसवायची, कोंब वर राहतील अशी. बुटका पपायरस याच पद्धतीने इतका झटपट होतो की वाटायला माणसं कमी पडतात. उंच पपायरस मात्र छत्रीतून असा सहजासहजी हाती लागत नाही, त्याचा गड्डाच फोडायचा.

गणपतीनंतर

पाऊस ओसरून ऊन पडलं की वाढ बघावी. रोज नवा टोकदार कोंब वर आलेला दिसतो. खत म्हणून घरच्या फिशटँकचं काढलेलं पाणी घालतो. त्यात नायट्रेट असतं आणि झाड ते अक्षरशः पिऊन टाकतं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या पाणथळ वाफ्यांमध्ये अम्ब्रेला पाम लावतात ते याच भुकेमुळे.

उंच पपायरस आफ्रिकेतल्या दलदलीत चार-पाच मीटर जातो. गच्चीवर तो माझ्या डोक्याच्या वर गेला आणि वाऱ्याशी त्याचं भांडण सुरू झालं. दांड्यात नुसता स्पंजासारखा गर असतो, वरची झुलपं भिजून जड झाली की दांडा मधेच मोडतो. चार बांबू रोवून त्यांना सुतळीचं सैल रिंगण केलंय. घट्ट बांधलं तर नेमका त्याच जागी मोडतो.

मोडलेल्या दांड्यांवर भाचीने कब्जा केला. इजिप्तमध्ये याच गराच्या पट्ट्या काढून, एक थर उभा आणि एक आडवा रचून, दाबून कागद करत, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. पाट्याखाली दाबून तिने जे तयार केलं त्यावर पेन्सिल उठली. शाई फुटली.

आता एक कळकळीचं. फुलोरे तपकिरी होऊ लागले की मी छाटतो आणि घरातल्या सुक्या कचऱ्यात नाही, तर टबाशेजारच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये तळाशी गाडतो. उपटलेले गड्डे नाल्यात किंवा गोदेकाठी कृपा करून टाकू नका. अम्ब्रेला पाम ऑस्ट्रेलियात आणि हवाईत बागेतून सुटून ओढ्याकाठी पसरलाय. आपला नाला गोदावरीला मिळतो आणि गोदावरी पुढे नांदूर मधमेश्वरला जाते. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते. नदीतल्या पाणवेली काढताना काय हाल होतात ते आपण दरवर्षी बघतोच, त्यात आपल्या गच्चीवरून भर नको.

पौष

नाशिकची थंडी या झाडांना मानवत नाही. पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबते आणि उंच पपायरसची झुलपं टोकाकडून पिवळी पडतात. झाड मेलेलं नसतं, गड्डा टणक असेल तर खुशाल राहू द्या. खत बंद. टब पश्चिमेच्या भिंतीला सरकवला की दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. गप्पीही गारठतात, त्यामुळे उथळ टबातले सगळ्यात खोल टबात हलवले. या महिन्यांत छत्र्या उलट्या घालून मुळांची वाट बघत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

फेब्रुवारीअखेर : गड्डा फोडणे

अम्ब्रेला पामच्या मुळांनी कुंडीला बाजूने चीर पाडली होती. कुंडी कापूनच काढली. आतला गोळा हाताने सुटत नाही, सरळ करवत घ्या. मधला भाग म्हातारा आणि पोकळ झालेला असतो, तो फेकायचा. कडेचे कोंबवाले तुकडे ठेवायचे आणि प्रत्येक तुकड्याला तीन-चार जिवंत दांडे हवेत. जुने दांडे अगदी बुडापासून कापायचे. मध्यावर कापलेल्या दांड्याला पुन्हा छत्री येत नाही, नुसता खुंट उरतो.

मार्च ते मे : शेंडे का जळतात

यावर सगळ्यात जास्त विचारणा होते. मुळं पाण्यात बुडालेली असूनही पात्यांची टोकं तपकिरी का होतात? आणि उत्तर म्हणून लोक आणखी पाणी ओततात.

पाणी कमी पडतच नसतं. दोन कारणं वेगळी आहेत. पहिलं म्हणजे कोरडी हवा. वैशाखात दुपारी वारा सुटला की छत्रीच्या टोकापर्यंत पाणी पोचायच्या आत ते उडून जातं. दुसरं कारण क्षार, आणि माझ्या मते आपल्याकडे तेच जास्त नडतं. टबातून पाणी उडतं, क्षार मागे राहतात. आपण वरून पुन्हा भरतो, क्षारांची आणखी भर पडते. महिनाभर असंच चाललं की टबाच्या कडेला पांढरी रेघ दिसायला लागते.

हे ताडून बघायला यंदा एकाच गड्ड्याचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. एकाला नळाचं पाणी आणि दुसऱ्याला आरओचं वाया जाणारं. उन्हाळ्यात पाणी जपायचं म्हणून आरओचं पाणी झाडांना घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण त्या पाण्यात गाळून काढलेले क्षारच तर असतात. एप्रिल अर्धा व्हायच्या आत आरओवाल्याची टोकं बोटभर जळली. नळाच्या पाण्यावरच्याची अगदी किंचित. आरओचं पाणी फरशी पुसायला वापरा, बंद टबात नको. दर काही आठवड्यांनी टबातलं निम्मं पाणी काढून ताजं भरलं की पुरे. काढलेलं पाणी जमिनीतल्या मोठ्या झाडाला जातं, वाया जात नाही.

अम्ब्रेला पामवर दुपारी ग्रीन नेट लागतं, नाहीतर रंग उतरतो. उंच पपायरसला नको. मका-ऊस ज्या पद्धतीने ऊन वापरतात, त्याच सी-फोर पद्धतीचं हे झाड आहे. भर मे महिन्यात बाकी गच्ची माना टाकत असताना हा पठ्ठ्या नवे दांडे काढतो.

लाल कोळी ही कीड याच दिवसांत येते. पात्यांवर बारीक पिवळे ठिपके दिसले की समजायचं. पाण्यात मासे आहेत, म्हणून औषध फवारत नाही. कुंडी टबाबाहेर काढून पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पाती खालून-वरून धुतो, काही दिवस रोज. फारच झालं तर तो दांडा बुडापासून कापून टाकतो, नवा यायला वेळ लागत नाही.

मुनियांच्या जोडीने बुटक्या पपायरसच्या झुलपांतून धागे ओढून न्यायला सुरुवात केलीये. त्या बाजूला तूर्तास कात्री लावत नाही.

पुढचं

जूनच्या पहिल्या सरी झाल्या की उंच पपायरसचा गड्डा फोडणार. आणि एक चौथा पाहुणा हवाय, पांढऱ्या चांदणीसारख्या सहपत्रांचा ऱ्हिंकोस्पोरा कोलोराटा. तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला आणि कॅरिबियन बेटांवरचा. या घराण्यातले बहुतेक जण परागीभवन वाऱ्यावर सोडतात, हा मात्र पांढरा रंग दाखवून कीटकांना बोलावतो. कुणाकडे असेल तर कळवा. बदल्यात बुटक्या पपायरसची मुळं फुटलेली रोपं हवी तेवढी देतो, येताना डबा आणा, पिशवीतून पाणी गळतं.