शून्याव्या दिवशीच 'विभागलेल्या' पेशी : माझा अनुभव

पेशींना पटलरंग लावायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांपायी माझे सात आठवडे गेले आणि राग अजून पुरता उतरलेला नाही.

काम साधं होतं. टी पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) रंगवायच्या, वाढू द्यायच्या आणि कोण किती वेळा विभागली ते बघायचं. रंगाच्या रेणूला लांब शेपट्या असतात, त्या पेशीपटलाच्या चरबीत रुतून बसतात. पेशी दुभंगली की रंग दोघींत वाटला जातो आणि चमक निम्मी होते. माझ्या पेशींत हिरवं चमकणारं प्रथिन आधीच होतं, म्हणून मी पीकेएच २६ हा केशरी चमकणारा पटलरंग घेतला. तो ५५१ नॅनोमीटरच्या प्रकाशाने चेततो आणि ५६७ च्या आसपास उजळतो. पेशी वाढवणं, मोजणं, जिवंत किती ते तपासणं, यात काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. रंगवल्यावर तासाभरात फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर नेल्या, तर हिस्टोग्रामवर (किती पेशी किती चमकतात त्या आलेखावर) दोन शिखरं! एक झगझगीत, एक मिणमिणतं. एकही पेशी अजून विभागलेली नव्हती आणि आलेख मात्र विभागल्याचा. सुरुवातीचं शिखरच अरुंद नसेल, तर चमक निम्मी झाली हे ओळखायचं कशावरून?

प्रयोगशाळेतले ज्येष्ठ म्हणाले, "रंग कमी पडला असेल." दुप्पट घातला. पेशी पटापट मेल्या, शिखरं दोनच. मग वेळ वाढवला, दोन मिनिटांचे दहा केले. फरक शून्य. मग यंत्रावर संशय, मग रंगाच्या बाटलीवर. नवी बाटली यायला दोन आठवडे आणि नव्या बाटलीतूनही तीच दोन शिखरं. त्या दिवशी मी कोणाशी धड बोलले नाही.

शेवटी वैतागून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, माहीत आहे.) पेशींच्या मधे मोकळ्या जागेत केशरी ठिपके चमकत होते. रंग पेशींत जायचा सोडून स्वतःच्याच गुठळ्या करून बसला होता.

हा रंग पाण्याला भितो आणि क्षार दिसले की गोळा होतो. म्हणून तर किटमध्ये डायल्युएंट सी नावाचं बिनक्षारांचं द्रावण वेगळं देतात. मी ते वापरतही होते. पण पेशी वाहून जातील या भीतीने शेवटच्या धुण्यानंतर पेलेटवर, म्हणजे तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्यावर, भरपूर पीबीएस (पेशी धुवायचं खारं द्रावण) ठेवत होते. म्हणजे क्षार आलेच. वर आमच्या वहीतल्या पद्धतीत लिहिलेलं, 'पेलेटवर रंग घाला.' तो घातला की वरच्या पेशी रंग पिऊन टाकतात आणि तळाच्या कोरड्या राहतात. रंग काही सेकंदांत चढतो, तेव्हा नंतर कितीही ढवळून उपयोग नाही.

आता मी वरचं द्रव जवळजवळ सगळं काढते, फार तर २५ मायक्रोलिटर राहू देते. पेशी डायल्युएंटमध्ये नीट सुट्या करते. दुसऱ्या ट्यूबमध्ये दुप्पट तीव्रतेचा रंग, ऐन वेळी तयार केलेला. मग पेशी रंगात एका दमात आणि लगेच पिपेटने वरखाली. मिसळल्यावर रंग २ मायक्रोमोलर आणि दर मिलीलिटरला १ कोटी पेशी, हे प्रमाण मला मानवलं. पेशींची संख्या बदलली की चमक बदलते, त्यामुळे अंदाजाने मोजू नका. दोन-तीन मिनिटांनी तेवढंच सिरम ओतायचं, म्हणजे उरलेला रंग त्यातली प्रथिनं धरतात. हेच सिरम आधीच्या धुण्यातून राहिलं, तर मात्र रंग पेशींपर्यंत पोचतच नाही. धुताना ट्यूब बदला, रंग प्लास्टिकलाही चिकटतो.

पहिल्यांदा असं केलं तेव्हा एकच शिखर आलं, काटकीसारखं सरळ. मी यंत्रासमोर एकटीच हसले. वहीतली 'पेलेटवर रंग घाला' ही ओळ पेनाने इतकी गिरवून खोडली की कागद फाटला.

अजून एक. पुढे पेशींच्या आतलं प्रथिन रंगवायचं असेल तर डिटर्जंटने पटल सच्छिद्र करू नका. त्याने चरबी सुटते आणि तिच्यासोबत आपला रंगही. हो, मी केलं होतं. आणि रंगवलेल्या पेशी दुसऱ्या पेशींत मिसळून वाढवणार असाल, तर रंगवून मारलेल्या पेशींचीही एक ट्यूब ठेवा. मेलेल्या पेशींचा रंग शेजारणींना लागतो आणि न रंगवलेल्याही फिकट केशरी दिसू लागतात.

बाटलीचं झाकण घट्ट लावा, हे राहिलंच. आतलं इथेनॉल उडतं आणि रंग आपोआप तीव्र होत जातो. ती पहिली, मी उगाच दोषी ठरवलेली बाटली अजून फ्रिजमध्ये आहे. तिच्यातूनच परवा झकास एक शिखर आलं.